ऑर्विल आजोबांची तिरकी फळी

फळी पुन्हा उजवीकडे कलली होती.

नोरीनला ते जिन्यातूनच दिसलं. आदल्या दुपारी शेजारच्या डेलनं ती तारेनं ज्या खिळ्याला टांगली होती तो जुना खिळा उपसून नवा लांब खिळा ठोकला होता आणि ‘आता ही जागची हलली तर माझं नाव बदला’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तरी ती हललीच होती. डेलला आता कोणतं नाव शोभेल याचा विचार करत नोरीन खाली उतरली आणि दाराआड थांबली, कारण आजोबांची वेळ झाली होती.

ऑर्विल आजोबा कॉफीचा पेला घेऊन बैठकीच्या खोलीत आले. फळीसमोर उभे राहिले. खाली आलेला कोपरा त्यांनी एका बोटानं हलकेच वर उचलला, मागे सरून पाहिलं, आणि मग रोजच्यासारखं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. जणू तिकडून कुणीतरी काहीतरी बोलणार होतं. कुणी बोललं नाही. आजोबांनी उरलेली कॉफी उभ्याउभ्याच संपवली आणि ते आत गेले.

शाळेला सुट्टी लागल्यापासून नोरीन रोज हेच पाहत होती. ऑर्विल आजोबा म्हणजे तिच्या आईचे मामा. आईला छातीच्या आजारासाठी दूरच्या शहरातल्या रुग्णालयात ठेवलं होतं, आणि तिथे त्या काळी मुलांना दारातूनही आत सोडत नसत. वडील तर नोरीनला आठवतही नव्हते. म्हणून तिची पेटी भरून, गळ्यात नाव-पत्त्याची चिठ्ठी अडकवून तिला कॅन्ससच्या गाडीत बसवून दिलं होतं. एल्क बेंड गावी ती उतरली तेव्हा फलाटावर आजोबा हातात टोपी धरून उभे होते. घरी येईपर्यंत ते एवढंच बोलले, की पेटी जड आहे का.

ते वाईट नव्हते. सकाळी ओटची लापशी करून द्यायचे, तिच्या वाटीत जास्त काकवी घालायचे. पण हॅटी आजी दोन हिवाळ्यांपूर्वी गेल्यापासून त्या घराची बोलायची सवय मोडली होती. जेवताना चमच्यांचा आवाज व्हायचा, दुपारी धान्याची मालगाडी जाताना खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. खिडकीतून कापणी झालेली गव्हाची शेतं दिसायची, आणि त्यांच्यापलीकडे आणखी गव्हाची शेतं.

आजोबा मोकळेपणानं बोलायचे ते एकाच विषयावर. त्यांना जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायचा नाद होता. पंजोबांच्या काळातली, घोड्यावरून फिरणाऱ्या लोकांच्या कमरेला असायची ती. बैठकीत काचेचं कपाट होतं, त्यात मखमलीवर ती ओळीनं निजलेली असायची. आणि जोडीतली दोन त्या फळीवर होती, लाकडी खुंट्यांवर, एकमेकांकडे तोंडं करून. दोन्ही एकाच कारखान्यातली, एकापाठोपाठच्या क्रमांकाची. आजोबा आणि आजींनी ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका शेतावरच्या लिलावात घेतली होती. त्यांनी त्यांची नावंसुद्धा ठेवली होती, थोरला आणि धाकटा. डावीकडचा थोरला, उजवीकडचा धाकटा.

एकदा पाऊस लागून राहिला होता, तेव्हा आजोबांनी नोरीनला सगळं समजावून सांगितलं होतं. ही रिव्हॉल्व्हरं पुढून भरायची. चक्रीत सहा घरं. प्रत्येक घरात आधी बंदुकीची दारू, मग शिशाची गोळी, आणि वरून चरबीचा लपका, म्हणजे एका घराची ठिणगी शेजारच्या घरात उडत नाही. मागच्या बाजूला एवढीशी तांब्याची टोपी बसवायची. घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, तिच्यावर आपटला की बार. शहाणा माणूस सहापैकी पाचच घरं भरायचा. घोडा टेकलेला असायचा ते घर मोकळं ठेवायचा, कारण खोगिराचा धक्का बसून घोडा दबला तर स्वतःच्याच पायात गोळी जायची.

“आणि जुनं रिव्हॉल्व्हर कधी घासायचं नाही,” आजोबा म्हणाले होते. “त्याच्यावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय. ते पुसलं की उरतं नुसतं लोखंड.”

हा नियम एकट्या आजोबांचा नव्हता. रविवारी चर्च सुटल्यावर आसपासच्या गावांतले त्यांच्यासारखेच चार-पाच नादिष्ट म्हातारे यायचे, गुडघ्यावर घोंगडी पसरून एकमेकांची रिव्हॉल्व्हरं बघायचे, आणि मळाचा एक कणही हलणार नाही अशी काळजी घ्यायचे. चक्री फिरवायची नाही, तिच्यावर रेघ उमटते. घोडा ओढायचा नाही, स्प्रिंग तुटते. एकदा एका नवख्यानं आपलं रिव्हॉल्व्हर तारेच्या काथ्यानं घासून चमच्यासारखं लखलखीत करून आणलं होतं. तेव्हा म्हणे सगळ्यांनी मयताला आल्यासारख्या टोप्या काढल्या होत्या.

पावसाच्या त्या दिवशी नोरीनला वाटलं होतं, आता आपलं जमलं. पण पाऊस थांबला आणि आजोबाही थांबले.

*

नाश्त्यानंतर आजोबा नेहमीसारखे धान्याच्या कोठारावर गप्पा ठोकायला गेले, म्हणजे इतरांच्या गप्पा ऐकायला गेले, आणि डेल व ज्यूनी मागच्या दारानं हजर झाले. डेल बारा वर्षांचा होता, सगळं येतं असं समजणारा. ज्यूनी त्याची धाकटी बहीण, सतत काहीतरी खाणारी.

फळी पाहून डेलचा चेहरा पडला. खिळ्याचा दोष नव्हता, हे उघड झालं होतं. त्यानं वडिलांची बुडबुड्याची पाणपातळी आणून भिंत तपासली होती. ज्यूनीचं म्हणणं, घरच वाकडं आहे. तिनं जमिनीवर गोटी सोडून पाहिली, पण गोटी जागची हलली नाही.

नोरीन एकटी असली की फळीकडेच बघत बसायची, त्यामुळे तिच्या डोक्यात एक गोष्ट कधीपासून घोळत होती. ती म्हणाली, “फळीला काही झालेलं नाही. धाकटा जड आहे.”

“दोघं जुळे आहेत. जड कसा असेल?” डेल म्हणाला.

“मग अदलाबदल करून बघू.”

तिघांनी एकदम दाराकडे पाहिलं. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरांना हात लावायचा नाही, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. शेवटी नोरीननंच दोन्ही हातांनी, झोपलेलं बाळ उचलावं तसा धाकटा उचलला आणि डाव्या खुंट्यांवर ठेवला. थोरला उजवीकडे. फळी क्षणभर थांबली, आणि सावकाश, कुरकुरत, डावीकडे कलली.

ज्यूनीच्या तोंडातला बिस्किटाचा तुकडा तसाच राहिला.

मग स्वयंपाकघरातला हॅटी आजीचा ताजवा निघाला. एका पारड्यात थोरला, एका पारड्यात धाकटा. धाकट्याचं पारडं खाली. नोरीननं टोपलीतलं एक अंडं थोरल्याच्या पारड्यात ठेवलं, आणि काटा बरोबर मधोमध आला.

“एका अंड्याएवढं सोनं,” डेल कुजबुजला. “मुठीच्या लाकडात दडवलेलं. दरोडेखोर असंच करायचे.”

सोन्यातून तिघांच्या तीन सायकली झाल्या, ज्यूनीचं स्वतःचं आइस्क्रीमचं दुकान झालं. नोरीननं मनातल्या मनात आईसाठी मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरला बोलावलं. त्या नादात अंगणातलं फाटक वाजलेलं कुणाला ऐकूच आलं नाही.

आजोबा दारात उभे होते. त्यांनी ताजव्याकडे पाहिलं, अंड्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. डेल आणि ज्यूनी भिंतीला घासत घासत बाहेर सटकले. आजोबांनी धाकटा उचलला, कपाटातून लोखंडी गज काढला आणि नळीच्या तोंडातून आत सोडला. गज सरळ आत गेला आणि तळाशी टण्णकन वाजला.

“रिकामा,” ते म्हणाले. “घरी आणला त्या दिवशी असाच पाहिला होता मी. लाकूड कुठे जास्त वाळतं, कुठे कमी. दोन रिव्हॉल्व्हरं कधी सारख्या वजनाची नसतात.”

नोरीननं माफी मागितली. आजोबा दोघा भावांना आपापल्या जागी ठेवत राहिले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, की यापुढे रोज दुपारपर्यंत तिनं डेलच्या आईकडे थांबलं तरी चालेल, आपण बोलून ठेवू. “मला मुलांची सवय नाही गं,” ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. नोरीन माडीवर गेली आणि पेटी उघडून बसली. आईला पत्र लिहावं असं वाटलं, पण लिहायचं काय? इथे सगळं छान आहे, हे ती आधीच दोनदा लिहून चुकली होती.

*

त्या शनिवारी गावात जुन्या वस्तीकरांचा दिवस होता, म्हणजे गाव वसवणाऱ्यांच्या आठवणीचा. दर वर्षी बँकेसमोरच्या रस्त्यावर दरोड्याचं नाटक व्हायचं. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक मिस्टर प्रुइट तोंडाला रुमाल बांधून दरोडेखोर व्हायचे, आणि ऑर्विल आजोबा छातीवर पत्र्याचा तारा लावून मार्शल. दरोडेखोर मार्शलच्या छातीवर रिव्हॉल्व्हर रोखून तीनदा चाप ओढायचा. आत काही नसायचं, नुसत्या तांब्याच्या टोप्या फट्‌ फट्‌ वाजायच्या, आणि आजोबा गुडघे सांभाळत धुळीत कोसळायचे. पोरं टाळ्या पिटायची. सगळं वर्ष मुक्यानं काढणारा माणूस त्या दिवशी मरताना मात्र मोठमोठ्यानं कण्हायचा.

दर वर्षी मिस्टर प्रुइटांच्या हातात थोरला असायचा. पण शुक्रवारच्या तालमीत त्यांनी तो धसमुसळेपणानं ओढला आणि घोड्याखालची स्प्रिंग तुटली. संध्याकाळी ते ओशाळं हसत आजोबांच्या दारात आले. नोरीन पायऱ्यांवर वाटाणे सोलत बसली होती.

आजोबांनी तुटका थोरला हातात घेतला, बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग आत जाऊन धाकटा घेऊन आले. वस्तीकरांच्या दिवसाला नाही म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी मिस्टर प्रुइटांसमोर पुन्हा गज आत सोडला. टण्ण. घोडा तालमीत ओढायचा नाही, टोप्या लावून थेट खेळातच, तोही तीनदाच, असं त्यांनी दोनदा बजावलं. मिस्टर प्रुइट धाकट्याला कमरेच्या पट्ट्यात खोचून शीळ घालत निघून गेले.

शनिवारी सकाळी खुंट्या रिकाम्या होत्या आणि फळी अगदी सरळ टांगलेली होती. आजोबांनी सवयीनं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

*

बाराच्या सुमाराला सगळं गाव मुख्य रस्त्यावर लोटलं होतं. बँड वाजत होता. चर्चच्या बायकांनी झाडाखाली खाण्याची टेबलं मांडली होती, आणि डेल, ज्यूनी, नोरीन तिथेच घुटमळत होते. मक्याच्या मफिनची सहा खळग्यांची पत्र्याची ताटं फडक्यांखाली झाकून ठेवली होती. ज्यूनीनं एका ताटाच्या कोपऱ्यातला मफिन केव्हाच लंपास केला होता आणि फडकं पुन्हा नीट ओढून ठेवलं होतं.

ताटं आवरणाऱ्या मिसेस ओल्सन आल्या. त्यांनी घाईघाईत नेमका तोच कोपरा उचलून पाहिला. खळगा रिकामा दिसला. “हे संपलं वाटतं,” असं म्हणत त्यांनी ताट उचलून घासायच्या भांड्यांच्या ढिगावर ठेवून दिलं.

ज्यूनी हसून हसून वाकली. “पाच आहेत आत! एक खळगा पाहिला आणि म्हणे संपलं.”

डेलही हसला. नोरीनच्या हातातलं लिंबाचं सरबत मात्र तसंच राहिलं. तिच्या कानात टण्ण वाजलं.

गज नळीतून आत जातो. नळीच्या मागे एका वेळी एकच घर असतं. घोड्याखालचं. आणि शहाणा माणूस मोकळं ठेवतो तेही तेच.

“डेल,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. “धाकट्यात सोनं नाही. गोळ्या आहेत. पाच गोळ्या आणि दारू, एका अंड्याएवढी. वरची चरबी वाळून काळी पडलीय आणि ती कुणी खरवडलीच नाही. चक्री कुणी फिरवलीच नाही. आजोबा दर वेळी त्या एकाच रिकाम्या घरात गज घालत राहिले.”

डेलचं हसू मावळलं. “आणि मिस्टर प्रुइट घोडा ओढतील तेव्हा...”

“चक्री एक घर पुढे सरकेल.”

ती तिघं धावत सुटली. दुकानाच्या मागच्या खोलीत मिस्टर प्रुइट आरशासमोर खोट्या मिशा चिकटवत होते. धाकटा त्यांच्या पट्ट्यात होता, आणि त्याच्या पाठीवर नव्या तांब्याच्या टोप्या चमकत होत्या. नोरीननं धापा टाकत सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ऐकताच ते दचकतील. ते हसले.

“पोरी, तुझ्या आजोबांनी काल माझ्यासमोर गज घालून दाखवला. या अख्ख्या काउंटीत जुन्या रिव्हॉल्व्हरांतलं त्यांच्याएवढं कुणाला कळतं का? की तुला जास्त कळतं?”

“त्यांना एकदा विचारा तरी.”

“तो बघ बँड थांबला. व्हा बाजूला,” असं म्हणून त्यांनी रुमाल नाकावर ओढला आणि ते चालू लागले.

नोरीन रस्त्याकडे धावली. माणसांची भिंतच उभी होती. कॉन्स्टेबलनं तिची कॉलर धरून तिला मागे ओढलं आणि वेळेवर येऊन जागा धरायला काय झालं होतं, असं विचारलं. तिनं हाका मारल्या, पण लोक आधीच आरडाओरडा करत होते, आणि तिचा आवाज त्या आवाजांत विरघळून गेला. दोन टोप्यांच्या मधून तिला आजोबा दिसले. त्यांनी दाढी केली होती. पत्र्याचा तारा उन्हात चमकत होता. वर्षभरात एवढे ताठ ते याच दिवशी उभे राहायचे. या गावात, या जगात, तिच्या वाटीत जास्त काकवी घालणारं दुसरं कुणी नव्हतं.

डेलनं तिचा दंड पकडला. “प्रुइट आपलं ऐकणार नाहीत. पण एक आवाज ते ऐकतातच.” त्यानं बंबखान्याकडे बोट दाखवलं.

एल्क बेंडमध्ये पगारी बंबवाले नव्हते. आगीची घंटा वाजली की गावातले धडधाकट पुरुष हातातलं काम टाकून पळायचे. न्हावी अर्धी दाढी सोडून, पाद्री अर्धं प्रवचन सोडून. आणि बंबाचे मुख्य होते खुद्द मिस्टर प्रुइट. उगाच घंटा वाजवण्याइतका मोठा गुन्हा गावातल्या मुलांना दुसरा ठाऊक नव्हता. डेलचे वडीलही बंबावर होते आणि त्यांचा हात भारी होता. डेल पांढराफटक पडला होता.

“मी वाजवते,” ज्यूनी म्हणाली. “मला कुणी मारत नाही.”

शेवटी दोघंही धावले.

रस्त्यावर मिस्टर प्रुइट पैशांची खोटी थैली घेऊन बँकेच्या दारातून बाहेर पडले. आजोबा पुढे झाले आणि त्यांनी हात वर करून दरोडेखोराला थांबायला सांगितलं. लोक शांत झाले. मिस्टर प्रुइटांचा हात सावकाश, रंगवून रंगवून, पट्ट्याकडे गेला. बोटं मुठीभोवती आवळली. धाकटा अर्धा बाहेर आला.

आणि घंटा वाजली. ठणाणा, ठणाणा, थांबायचं नावच नाही.

मिस्टर प्रुइटांच्या डोळ्यांतला दरोडेखोर एका क्षणात मेला. त्यांनी धाकटा ओढून आजोबांच्या हातात कोंबला, थैली फेकली, मिशा उपटल्या आणि बंबखान्याकडे धूम ठोकली. त्यांच्यामागे न्हावी, बँडमधला तुतारीवाला, बँकेचा कारकून, कॉन्स्टेबल. बायका पोरांना ओढत धूर शोधायला निघाल्या. पाहता पाहता रस्ता ओस पडला. गुडघ्यांमुळे बंबाच्या कामातून कधीच मोकळे झालेले ऑर्विल आजोबा तेवढे मधोमध उभे राहिले, छातीवर तारा, हातात रिव्हॉल्व्हर.

नोरीन त्यांच्यापर्यंत पोचली. तिनं त्यांची बाही धरली.

“आजोबा, गज एकाच घरात जातो,” ती म्हणाली. “मोकळ्या ठेवलेल्या.”

एवढंच. पण ते ज्या माणसाला सांगितलं, त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती. आजोबांनी हातातल्या धाकट्याकडे पाहिलं. मग नळी जमिनीकडे करून त्यांनी नखानं एकेक टोपी उचकटली आणि धुळीत टाकली. नोरीननं केसांतली पिन काढून पुढे केली. चक्रीच्या तोंडाशी जमलेला तो काळा, कडक थर, ज्याला इतकी वर्षं त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, तो त्यांनी स्वतः खरवडला. खालून करडं शिसं डोकावलं.

आजोबा लाकडी फुटपाथच्या कडेला खाली बसले. 

“इतकी वर्षं,” ते म्हणाले. “हॅटी रोज त्याच्यासमोर धूळ झटकायची.”

नोरीन त्यांच्या शेजारी बसली. 

*

आग कुठेच नाही हे कळल्यावर लोक परतले ते डेल आणि ज्यूनीला कानांना धरूनच. मिस्टर प्रुइट लालबुंद झाले होते. त्यांचं अर्धं वाक्य झालं असेल नसेल, तोच आजोबांनी धाकटा वर धरून त्यांना जवळ बोलावलं आणि चक्रीत पाहायला सांगितलं. मिस्टर प्रुइटांनी पाहिलं. मग ज्या जागी मार्शल दर वर्षी मरायचा, तिथेच ते धुळीत मट्‌कन बसले.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं दुपारी नदीकाठी नेऊन धाकटा सावकाश रिकामा केला. पाच गोळ्या निघाल्या. आतली दारू त्यानं फावड्यावर ओतली आणि लांबून काडी लावली. पंजोबांच्या काळातली ती दारू पांढराशुभ्र भडका घेऊन उडाली. तो पाहून सगळा घोळका दोन पावलं मागे सरला.

डेलचे वडील मुलाच्या खांद्यावर हात ठेवून राहिले, आणि तो हात खरंच भारी होता. कॉन्स्टेबलनं नोरीनची कॉलर नीट करून दिली. मिस्टर प्रुइटांनी सगळ्यांसमोर टोपी काढली आणि म्हणाले, की लहान पोरीचं म्हणणं ऐकायला घंटा लागावी, असा मी बंबाचा मुख्य. पुढच्या वर्षीपासून दरोडेखोराच्या हातात लाकडी पिस्तूल देण्याचं ठरलं, आणि गोळीबाराच्या आवाजासाठी पडद्यामागे पातेल्याची झाकणं आपटायचं काम ज्यूनीला मिळालं. ते तिनं पुढे लग्न होऊन गाव सोडेपर्यंत केलं.

रविवारी नादिष्ट म्हातारे जमले तेव्हा आजोबांनी आपली चूक त्यांना स्वतः सांगितली, कमी न करता. “आपण सगळे मळ जपत बसलो. या मुलीनं आत काय आहे ते विचारलं,” ते म्हणाले. त्या दिवसापासून कपाटाच्या खिळ्याला हॅटी आजीची विणकामाची सुई टांगलेली असे. रिव्हॉल्व्हर कुणाचंही असो, पुढून चक्रीच्या प्रत्येक घरात सुई घातल्याशिवाय ते आजोबांच्या उंबऱ्याच्या आत येत नसे.

गोळ्या आजोबांनी नोरीनला दिल्या. डेलच्या आईकडे जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

थोरल्याला नवी स्प्रिंग बसली आणि दोघे भाऊ फळीवर परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी नोरीन जिन्यात थांबली. आजोबा कॉफी घेऊन आले, फळीसमोर उभे राहिले, बोट वर उचललं.

फळी सरळ होती. बोट हवेतच राहिलं. आजोबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं नाही. कॉफी न पिताच ते खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या शेतांकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. तेव्हा नोरीननं लापशी खाताना विचारलं, की फळी तिरकी झाली की हॅटी आजी काय म्हणायच्या.

आजोबांचा चमचा थांबला. तिला हे कसं कळलं, ते त्यांनी विचारलं नाही. “रोज चुलीपाशी उभी राहून तेच म्हणायची,” ते म्हणाले. “तुमचा धाकटा पुन्हा वाकला वाटतं. रोज तेच. मीही रोज तेच म्हणायचो, वाकला खरा. मग ती पोळे उलटायची.” जरा वेळानं ते म्हणाले, “इतकी वर्षं आमचा दिवस असाच सुरू झाला.”

दुपारी ते पुन्हा कोठारावर गेल्यावर नोरीननं पेटीतून आपला मोजा काढला, त्यात पाचही गोळ्या घातल्या, तोंड घट्ट बांधलं आणि फळीच्या मागे, उजव्या बाजूला, तारेला लटकवून दिला. मग दारात उभी राहून वाट पाहत राहिली. मालगाडी आली, तावदानं थरथरली. फळी कुरकुरली.

सकाळी ती लवकर उठून स्वयंपाकघरात गेली. चुलीवर तवा ठेवला. तिला पोळे काही नीट जमत नव्हते, पहिला जळलाच. बैठकीतून आजोबांची पावलं ऐकू आली, आणि मग ती थांबली.  त्यांनी फळीच्या मागे हात घातला असावा, कारण शिसं शिशावर वाजल्याचा हलकासा आवाज झाला.

नोरीननं उलथनं घट्ट धरलं.

“तुमचा धाकटा पुन्हा वाकला वाटतं,” ती आतूनच म्हणाली.

 आजोबा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

“वाकला खरा,” ते म्हणाले. “आणि तुझा पोळा करपतोय. तो उलट आधी.”